फादर टेड

१९५९ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट शहरात सरकारी कामासाठी आलेल्या सहा जणांना एका हॉटेलात एकत्र उतरता येईना. हे सहा जण राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलेल्या नागरी हक्क आयोगाचे सदस्य होते. त्यांच्यातले जॉर्ज जॉन्सन हे नामवंत कायदेपंडित कृष्णवर्णीय होते, आणि दक्षिणेतली हॉटेले त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांसोबत खोली द्यायला तयार नव्हती. शेवटी सगळ्यांची सोय जवळच्या हवाई तळावर झाली. उकाड्याने आणि आवाजाने कोणाला धड झोप लागली नाही. ज्या सुनावणीसाठी ते आले होते, ती न्यायालयाने मनाईहुकूम काढून अडवली. दोन वर्षांच्या कामाचा अहवाल मात्र द्यायचाच होता, आणि आयोगात सरळ दोन तट होते. तिघे उत्तरेचे, तिघे दक्षिणेचे. दक्षिणेच्या तिघांत व्हर्जिनिया आणि फ्लोरिडा या राज्यांचे माजी गव्हर्नर होते.

सहांतल्या एका सदस्याने सुचवले की इथे बसून काही व्हायचे नाही, माझ्याबरोबर उत्तरेला चला. विस्कॉन्सिन राज्याच्या पार टोकाला, लँड ओ'लेक्स नावाच्या ठिकाणी, त्यांच्या विद्यापीठाची जंगलात जागा होती. विद्यापीठाच्या एका देणगीदाराचे विमान आले आणि सगळी मंडळी तळ्याकाठी पोचली. संध्याकाळी निखाऱ्यांवर मांस भाजून जेवण झाले, मग होड्या काढून सगळ्यांनी पाण्यात गळ टाकले. त्याच रात्री शिफारशींचा मसुदा समोर ठेवला गेला. बारापैकी अकरा शिफारशींवर सहाही जणांचे एकमत झाले. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात त्यांतले बरेच काही उतरले. आयझेनहॉवर यांना नवल वाटले की इतक्या वेगळ्या विचारांची माणसे एका कागदावर सह्या कशा करून बसली. त्यांना उत्तर मिळाले की सगळेच मासेमारीचे शौकीन निघाले.

उत्तर देणारे आणि सगळ्यांना तळ्यावर नेणारे होते फादर थिओडोर हेसबर्ग. इंडियाना राज्यातल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचे ते अध्यक्ष, आपल्या भाषेत कुलगुरू. विद्यार्थ्यांसाठी ते आयुष्यभर फादर टेड राहिले. तळ्याकाठची ही गोष्ट अमेरिकेत पुष्कळदा सांगितली जाते. २००९ साली नोटर डेमच्या पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्ष ओबामांनीही ती सांगितली. ती बहुधा मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एका वसतिगृहाच्या फादरची सवय दिसते. भांडणाऱ्या पोरांना आधी पोटभर जेवू घालावे, मोकळे करावे, आणि मग मुद्द्याला हात घालावा, ही ती सवय. ती त्यांना लागली एका विलक्षण वस्तीत, आणि त्या वस्तीबद्दल फारसे कोणी लिहीत नाही.

हेसबर्ग यांचा जन्म २५ मे १९१७ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरातला. धर्मगुरू व्हायचे हे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. १९३४ साली ते नोटर डेमला आले आणि होली क्रॉस या धर्मसंघात दाखल झाले. हा संघ मूळचा फ्रान्सचा. १८४२ साली फादर एडवर्ड सोरिन यांनी इंडियानाच्या रानात हे विद्यापीठ काढले, आणि पुढे थोड्याच वर्षांत याच संघाचे लोक बंगालमध्येही पोचले. ढाक्याचे नोत्र दाम कॉलेज त्यांचेच. संघाने तरुण टेडला शिकायला रोमला पाठवले, पण युद्ध पेटल्याने १९४० मध्ये परत यावे लागले. २४ जून १९४३ रोजी नोटर डेमच्याच चर्चमध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, नौदलात धर्मगुरू व्हायचे आणि पॅसिफिकमधल्या एखाद्या विमानवाहू जहाजावर सैनिकांसोबत राहायचे. वरिष्ठांनी नाही म्हटले. आधी वॉशिंग्टनला जाऊन डॉक्टरेट पुरी करा, मग नोटर डेमला येऊन शिकवा, असा हुकूम झाला. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या माणसाने तो मानला.

सैनिकांपर्यंत ते जाऊ शकले नाहीत, पण १९४५ नंतर सैनिकच त्यांच्यापर्यंत आले. युद्धावरून परतलेल्यांना सरकार शिक्षणाचा खर्च देत होते आणि देशभरची विद्यापीठे अशा प्रौढ विद्यार्थ्यांनी भरून गेली. नोटर डेम हे तोवर अविवाहित मुलग्यांचे कॉलेज. आता पंचविशी ओलांडलेले, लढाई पाहिलेले, लग्न झालेले आणि कडेवर मूल असलेले विद्यार्थी दारात उभे राहिले. त्यांना ठेवायचे कुठे? युद्धकैद्यांच्या छावणीतल्या निकामी झालेल्या लाकडी बराकी विद्यापीठाने आणवल्या, आवाराच्या कडेला उभ्या केल्या आणि प्रत्येक बराकीत तीन-तीन बिऱ्हाडे बसवली. या वस्तीला नाव पडले व्हेटव्हिल. तिचे धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली तिशीही न गाठलेल्या फादर टेड यांची.

गुरुकुलात मुलांना धर्मशास्त्र शिकवायला तयार झालेल्या माणसापुढे इथे वेगळेच प्रश्न होते. पातळ भिंतींपलीकडचे रडणारे मूल, महिनाअखेरी संपलेले पैसे, दिवसभर वर्गात असणारा नवरा, एकटी पडलेली बायको, झोपेत दचकून उठणारा माजी सैनिक. फादर या घरांत जाऊन बसत. नवराबायकोची भांडणे ऐकत, बाळांचे बाप्तिस्मे करत, पैशांची अडचण असेल तर मार्ग काढून देत. वस्तीने आपला महापौर आणि आपले नगरमंडळ निवडले, स्वतःचे छोटे वार्तापत्र काढले. या काळाबद्दल हेसबर्ग नेहमी मायेने बोलत. लग्न न केलेल्या या तरुण धर्मगुरूला संसार म्हणजे काय असतो ते बराकीतल्या या जोडप्यांनी शिकवले. त्यांच्या प्रबंधाचा विषयही चर्चमधील सामान्य श्रद्धावंतांचे स्थान हाच होता. व्हेटव्हिलमध्ये त्यांना ती माणसे प्रत्यक्ष भेटली. पुढे त्याच बाजूला, बराकी उठल्यावर, विद्यापीठाचे प्रचंड ग्रंथालय उभे राहिले आणि आज त्याला हेसबर्ग यांचे नाव आहे.

आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्ससारख्या कॉलेजांमुळे पांढऱ्या झग्यातले ‘फादर प्रिन्सिपल’ मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. पण नोटर डेमच्या रचनेत वसतिगृहाला जे महत्त्व आहे, ते समजायला मला साताऱ्याची आठवण जास्त उपयोगी वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे बोर्डिंग काढले ते, सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवली आणि एका छपराखाली राहिली तरच शिक्षणाला अर्थ, या ठाम समजुतीने. नोटर डेममध्येही शिक्षणाचे अर्धे काम वसतिगृह करते. प्रत्येक इमारतीत एक प्रार्थनामंदिर, आणि मुलांसोबत त्याच मजल्यांवर राहणारा रेक्टर, त्या काळी बहुधा धर्मगुरू. रविवारी रात्री उशिरा मुले पायांत सपाता घालूनच मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, येतात. हेसबर्ग १९४८ साली फार्ली हॉलचे रेक्टर झाले, पुढच्या वर्षी विद्यापीठाचे कार्यकारी उपाध्यक्ष, आणि जून १९५२ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, अध्यक्ष. मावळते अध्यक्ष फादर जॉन कॅव्हानॉ यांनी खोलीची किल्ली हाती देता देता सांगितले की आज संध्याकाळी एका कुटुंबमंडळापुढे भाषण द्यायचे मी कबूल केले आहे, आता अध्यक्ष तुम्ही, तेव्हा ते तुम्हीच द्या. समारंभ एवढाच.

नियमाने ही नेमणूक सहा वर्षांची असायची, कारण विद्यापीठाचा अध्यक्ष हाच तिथल्या धर्मसंघाचाही प्रमुख असे. १९५८ मध्ये ही दोन पदे वेगळी केली गेली आणि हेसबर्ग १९८७ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, अध्यक्ष राहिले. या काळात विद्यार्थिसंख्या पाच हजारांच्या आतून साडेनऊ हजारांवर गेली, वार्षिक खर्च ९७ लाख डॉलरवरून साडेसतरा कोटींवर, आणि राखीव निधी ९० लाखांवरून ३५ कोटींवर. हिशेब आणि क्रीडा सांभाळायला फादर नेड जॉइस सगळी पस्तीस वर्षे सोबत होते. नोटर डेम तोवर देशभर ओळखले जाई ते फुटबॉलसाठी. नव्या अध्यक्षांना छायाचित्रकारांनी फुटबॉल हातात घेऊन उभे राहायला सांगितले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला.

ते दुपारी उशिरा कामाला बसत आणि रात्री दोन-तीनपर्यंत कचेरीत असत. सोनेरी घुमटाच्या त्या मुख्य इमारतीत दिवा दिसला की एखादा विद्यार्थी आगीच्या वेळी उतरण्यासाठी असलेल्या लोखंडी जिन्याने वर चढायचा आणि खिडकीवर टकटक करायचा. घरून वाईट बातमी आलेली असे, श्रद्धा डळमळलेली असे, किंवा नुसतीच झोप येत नसे. फादर खिडकी उघडून आत घेत. नोटर डेमच्या कित्येक पिढ्यांनी ही आठवण सांगितली आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी. अणुऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत व्हॅटिकनचे प्रतिनिधी, नागरी हक्क आयोग, पुढे रॉकफेलर फाउंडेशन अशा जबाबदाऱ्या वाढत गेल्या आणि अध्यक्ष सतत प्रवासात दिसू लागले. देव सगळीकडे आहे, आणि हेसबर्गही सगळीकडे आहेत, फक्त नोटर डेममध्ये नाहीत, असे विद्यार्थी म्हणत. त्यात पोरांची तक्रार होती आणि ती रास्त होती.

तरी आयोगाचे काम त्यांच्या विद्यापीठापासून दूरचे होते असे मला वाटत नाही. डिसेंबर १९५८ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत आयोगाने पहिली मोठी सुनावणी घेतली. साक्षीदारांत टस्कीगी इन्स्टिट्यूटचे कृष्णवर्णीय अध्यापक होते. हातात डॉक्टरेट, वर्षानुवर्षे तरुणांना शिकवण्याचा अनुभव, आणि मतदार नोंदणीचा कारकून त्यांचा अर्ज निकालात काढतो, कारणही देत नाही. नोंदणीची दप्तरे आयोगाला द्यायला एका न्यायाधीशाने नकार दिला; ते जॉर्ज वॉलेस पुढे अलाबामाचे गव्हर्नर झाले आणि वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून गाजले. आयुष्य शिक्षणाला वाहिलेल्या धर्मगुरूने त्या दिवशी समोर पाहिले की माणूस कितीही शिकला तरी कातडीच्या रंगापुढे त्याची पदवी कवडीमोल ठरवता येते. त्यानंतर आयोग हे त्यांच्यासाठी नुसते मानाचे पद राहिले नाही.

२१ जून १९६४ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर नागरी हक्कांसाठी मोठी सभा झाली. नागरी हक्क विधेयक तेव्हा शेवटच्या टप्प्यावर होते. त्या सभेतले एक छायाचित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र दालनात आहे. काळ्या पोशाखातले हेसबर्ग आणि शेजारी मार्टिन ल्यूथर किंग, दोघांनी एकमेकांचे हात धरले आहेत आणि गाणे चालू आहे. या छायाचित्राने एक गोष्ट झाकली जाऊ नये. त्या वर्षांत नोटर डेममध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. देशाचा अन्याय तपासणाऱ्या आयोगातल्या माणसाच्या स्वतःच्या अंगणातली ही उणीव. साठचे दशक संपताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीच ती अध्यक्षांपुढे ठणकावून मांडली, तेव्हा कुठे प्रवेश आणि शिष्यवृत्त्यांची पावले वेगाने पडू लागली.

मुलांशी त्यांचा सर्वांत अवघड सामना झाला तोही याच काळात. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात विद्यापीठे पेटली होती, कचेऱ्या ताब्यात घेतल्या जात होत्या. १७ फेब्रुवारी १९६९ रोजी हेसबर्ग यांनी विद्यार्थी-अध्यापकांना खुले पत्र लिहिले. निषेध करा, पण चर्चेची जागा बळजबरीने घेतलीत, इतरांचे काम अडवलेत, तर विचार करायला पंधरा मिनिटे मिळतील आणि मग कारवाई होईल, असा त्याचा मथितार्थ. हे पत्र देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अभिनंदनाचे पत्र पाठवले. विद्यापीठांवर केंद्राने कायद्याचा बडगा उगारावा असे ज्यांना वाटत होते, त्यांना हेसबर्ग आपले वाटू लागले. पण त्यांनी सरकारला कळवले ते नेमके उलट. विद्यापीठांचा प्रश्न विद्यापीठे सोडवतील, सरकारने यात पडू नये. त्याच नोव्हेंबरात नापाम बनवणाऱ्या कंपनीच्या आणि सीआयएच्या नोकरभरतीला विरोध करणाऱ्या दहा विद्यार्थ्यांवर पंधरा मिनिटांचा नियम खरोखरच लागू झाला. मला हा निर्णय कठोर वाटतो. अडवलेला दरवाजा आणि व्हिएतनाममधली जळणारी गावे एका तराजूत घालता येत नाहीत, आणि त्या मुलांचा राग हेसबर्ग यांना परका नव्हता.

तो परका नव्हता हे सहा महिन्यांत दिसले. १९७० च्या मे महिन्यात अमेरिकी फौजा कंबोडियात शिरल्या आणि केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी मेले. त्याच सुमारास आवारात जमलेल्या विद्यार्थ्यांपुढे हेसबर्ग यांनी युद्ध थांबवण्याची मागणी करणारे निवेदन वाचले. मुलांनी ते उचलले, साऊथ बेंड शहरात घरोघर फिरून लोकांच्या सह्या गोळा केल्या. नोटर डेममध्ये काचा फुटल्या नाहीत, इमारती जळल्या नाहीत. धाकाने हे झाले असते असे मी मानत नाही. मुलांना माहीत होते की हा माणूस आपल्याला शिक्षा करेल, पण आपले ऐकेलही.

चर्चच्या आतला त्यांचा लढा याहून शांत होता, परिणामाने कदाचित मोठा. १९५४ साली विद्यापीठाच्या छापखान्याने काढलेल्या एका पुस्तकात फादर जॉन कोर्टनी मरी यांचा धर्मस्वातंत्र्यावरचा लेख होता. ते पुस्तक मागे घ्यावे म्हणून रोमहून दडपण आले. हेसबर्ग बधले नाहीत. दहा-अकरा वर्षांनी व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने धर्मस्वातंत्र्याचा जो जाहीरनामा मंजूर केला, त्याच्या घडणीत याच मरींचा मोठा वाटा होता. १९६७ च्या जुलैमध्ये, पुन्हा त्याच लँड ओ'लेक्सच्या तळ्याकाठी, कॅथलिक विद्यापीठांच्या प्रमुखांची बैठक भरली. कॅथलिक विद्यापीठ हे आधी पुऱ्या अर्थाने विद्यापीठ असले पाहिजे आणि बाहेरच्या कोणत्याही सत्तेपासून, मग ती धर्मसत्ता का असेना, त्याला स्वायत्तता हवी, असे निवेदन तिथे निघाले. त्याच वर्षी होली क्रॉस संघाने नोटर डेमची मालकी आणि कारभार धर्मगुरू आणि सामान्य नागरिक यांच्या एकत्रित विश्वस्त मंडळाकडे सोपवला. सव्वाशे वर्षे हातात असलेले विद्यापीठ संघाने आपणहून सोडले.

या निर्णयावर आजही भांडण आहे. नोटर डेममध्येच इतिहास शिकवणारे होली क्रॉस संघाचे फादर विल्सन मिस्कॅम्बल यांनी २०१९ साली हेसबर्ग यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात टीका केली की मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीत बसण्याच्या ओढीने नोटर डेमचा कॅथलिक गाभा पातळ झाला. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रतिष्ठेची ओढ हेसबर्ग यांना होतीच. दीडशे मानद पदव्या कोणाकडे आपोआप येत नाहीत. पण धर्मावर विश्वास असलेल्या माणसाने प्रश्नांना घाबरू नये, चर्चने आपला विचार जिथे करावा ती जागा विद्यापीठच आहे, ही त्यांची भूमिका मला अधिक पटते. श्रद्धेला कुंपण घालून तरुणांना तिच्यात ठेवता येत नाही, हे व्हेटव्हिलच्या बराकींत आणि मध्यरात्रीच्या खिडकीत त्यांनी अनुभवले होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या कारकिर्दीत रात्री ठराविक वेळी खोल्यांची वीज तोडायची जुनी पद्धत बंद झाली. ते स्वतः मात्र रोजची मिस्सा चुकवत नसत, मग अंटार्क्टिका असो की परदेशातले हॉटेल.

१९७२ साल दोन अर्थांनी महत्त्वाचे. शेजारच्या सेंट मेरीज या मुलींच्या कॉलेजशी विलीनीकरणाची बोलणी फिसकटल्यावर नोटर डेमने पदवीच्या वर्गांत स्वतःच मुलींना प्रवेश दिला. त्या शरद ऋतूत साडेतीनशेहून अधिक मुली आल्या. जुन्या विद्यार्थ्यांच्या नाराजीची पर्वा फादरांनी केली नाही. त्याच नोव्हेंबरात निक्सन पुन्हा निवडून आले आणि तोवर नागरी हक्क आयोगाचे अध्यक्ष झालेल्या हेसबर्ग यांना त्या पदावरून पायउतार व्हायला सांगितले गेले. शाळांतला वर्णभेद मोडण्याच्या प्रश्नावर ते निक्सन यांच्या धोरणावर उघड टीका करत होते. पंधरा वर्षांचे काम असे संपले.

१९८७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते आणि फादर जॉइस मोटारघरातून अमेरिका हिंडले, नंतर एका प्रवासी जहाजावर धर्मगुरू म्हणून जगभर फिरले. नौदलाचे जहाज हुकले होते, सत्तरीत हे जहाज मिळाले. परतल्यावर ग्रंथालयाच्या तेराव्या मजल्यावर त्यांची कचेरी थाटली गेली. दृष्टी अधू होत गेली, तेव्हा विद्यार्थी येऊन वर्तमानपत्रे वाचून दाखवू लागले. ऐकता ऐकता फादर सिगार ओढत. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, ते गेले.

मार्चमधल्या श्रद्धांजली सभेत माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर बोलले. त्यांनी सांगितलेली आठवण अशी: ते पदावर असताना, काय हवे ते मागा, असे त्यांनी म्हटल्यावर फादरांनी हवाई दलाच्या ब्लॅकबर्ड या अतिवेगवान गुप्तहेर विमानातून सफर मागितली होती. नागरिकांना त्यात बसवत नाहीत, असे सांगताच फादर उद्गारले की सेनादलांचे प्रमुख तुम्हीच आहात असे मला वाटत होते. सफर झाली. त्याच सभेत कोंडोलीझा राइस बोलल्या. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्रिपदी बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, आणि १९७५ साली नोटर डेममधून पदव्युत्तर पदवी घेतलेल्या विद्यार्थिनी. त्या मूळच्या अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या. १९५२ साली, म्हणजे हेसबर्ग अध्यक्ष झाले त्याच वर्षी, त्यांचे वडील जॉन राइस मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले होते. ते स्वतः धर्मोपदेशक आणि शिक्षक. नोंदणी करणाऱ्याने त्यांना घेवड्याच्या दाण्यांनी भरलेली बरणी दाखवली आणि आत किती दाणे आहेत ते सांगा, म्हणाला.